दहा वर्षांचा बचत गट मोडायचा झाल्यास पैशांची वाटणी कशी करावी?

वहीवाली

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका लहान गावात आमचा महिला बचत गट आहे आणि गेली चार वर्षे त्याचा हिशेब मी लिहिते. जून २०१५ मध्ये माझ्या सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या दहा जणी, अशा ११ जणींनी तो सुरू केला. बचत दरमहा १०० रुपये ठरली होती आणि ती आजही तेवढीच आहे, कारण वाढवण्याचा विषय निघाला की कोणीतरी बियाण्याच्या भावाचा विषय काढते आणि ठराव पुढच्या महिन्यावर जातो. निम्म्याहून अधिक सभासद ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल मिळाली की त्या पुढच्या सहा महिन्यांची बचत एकदम भरून जातात, त्यामुळे थकलेली बचत आमच्या वहीत सापडणार नाही. थकलेले कर्ज मात्र आहे, आणि प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे.

जून २०१९ मध्ये दोघी नव्याने आल्या. मे २०२२ मध्ये एक जुन्या सभासद वारल्या. त्यांची ८,४०० रुपयांची बचत त्या वेळी घरच्यांनी मागितली नाही आणि आम्हीही दिली नाही. ती तशीच गटात राहिली. आता त्यांचा मुलगा ती मागत आहे. आजच्या १२ सभासदांपैकी दहा जणींची प्रत्येकी १२,००० आणि नव्या दोघींची प्रत्येकी ७,२०० रुपये बचत झाली आहे. वारलेल्या बाईंची धरून एकूण बचत १,४२,८०० रुपये होते. अंतर्गत कर्जाला आम्ही महिन्याला शेकडा २ रुपये व्याज घेतो, तेही शिल्लक मुद्दलावर. व्याज आणि दंड मिळून, खर्च वजा जाता, ३१ मे २०२५ अखेर ८४,४५० रुपये साचले आहेत. 'उमेद'कडून (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून) २०१७ मध्ये मिळालेला १५,००० रुपयांचा फिरता निधी वेगळा. म्हणजे गटाचे एकूण २,४२,२५० रुपये आहेत. त्यातले ४६,१०० बँकेत, १,१५० पेटीत आणि १,९५,००० आठ सभासदांकडे कर्जाने आहेत. बँकेचे आणि ग्रामसंघाचे (गावातील गटांच्या संघाचे) कर्ज पूर्ण फिटले आहे.

या १,९५,००० मध्ये एकाच सभासदाकडे ३८,००० रुपये अडकले आहेत. गेल्या १४ महिन्यांत त्यांनी एक रुपयाही भरलेला नाही आणि त्या बैठकीलाही येत नाहीत. त्यामुळे चौघी म्हणू लागल्या आहेत की, आणखी कोणाचे बुडण्याआधी गट मोडून आपापले पैसे घेऊन मोकळे व्हावे. त्यांत नव्या दोघी आहेत. वाटणीबाबत तीन मते आहेत. पहिले, व्याजाचे सर्वांना सारखे वाटे करावेत. दुसरे, ज्याची जितकी बचत त्या प्रमाणात व्याज द्यावे. तिसरे मत दोन वयस्कर बायकांचे: मुद्दल ज्याचे त्याला द्यावे आणि व्याज सप्त्याला देऊन टाकावे, म्हणजे भांडणच नको. यातील कोणती रीत न्याय्य ठरेल? फिरता निधी वाटता येतो का? आणि मयत सभासदाच्या मुलाला केवळ मुद्दल द्यायचे की व्याजही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

निवृत्त शाखाधिकारी

ताई, हिशेब इतका स्वच्छ मांडून प्रश्न विचारणारे लोक मला नोकरीत फार थोडे भेटले. उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचा गट ही नोंदणी झालेली संस्था नाही, त्यामुळे सहकारी संस्थांचा कायदा तुमच्या वाटणीला लागू होत नाही आणि कोणत्याही कार्यालयात तुमच्या गटाची घटना ठेवलेली नाही. नाबार्डने (शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने) १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा आम्हा बँकवाल्यांची पहिली अडचण हीच होती की ज्याची कुठे नोंदणीच नाही अशा मंडळाच्या नावाने खाते उघडायचे कसे. रिझर्व्ह बँकेने ती मुभा दिली, आणि तेव्हापासून वीस जणींपर्यंतच्या गटाचा ठराव हाच त्याचा कायदा मानला जातो. म्हणून सर्वांत आधी तुमची अगदी पहिली ठराव वही शोधा. बहुतेक गटांनी सुरुवातीच्या दोन-तीन पानांत नियमावली लिहिलेली असते, ती कोणा प्रशिक्षकाने सांगितलेली असते, सर्वांनी सह्या-अंगठे केलेले असतात आणि नंतर दहा वर्षे ती कोणी उघडलेली नसते. सोडून जाणाऱ्याचे काय, मयताचे काय, हे तिथे लिहिलेले असेल तर इथे कोणाचेही मत विचारण्याची गरज नाही.

फिरत्या निधीबद्दल माझे मत ठाम आहे. तो सभासदांना वैयक्तिक दिलेला पैसा नाही, गटाचे भांडवल वाढावे म्हणून गटाला दिलेला आहे. तो बारा जणींत वाटून घेऊ नका. गट खरोखर मोडणार असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडून, त्या निधीचे काय करायचे याचा लेखी ठराव घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. तीन वर्षांनी कोणी विचारायला आले तर तुमच्या हातात तेवढाच कागद असेल.

खाते बंद करण्यासाठी शाखा सर्व सभासदांच्या सह्यांचा ठराव मागेल. यात खरी अडचण अशी येईल की ज्या बैठकीला येत नाहीत त्यांचीही सही लागेल, आणि थकबाकीदार सभासद सही द्यायला बहुधा येणार नाहीत.

आणखी एक बाब विचारात घ्यावी. तुमचे बँकेचे एक कर्ज पूर्ण फिटले आहे. अशा गटाला दुसऱ्या वेळी किमान ३ लाखांचे कर्ज मागता येते आणि ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याजदराची सवलत आहे. १० लाखांपर्यंत तारण नाही, अनामत ठेव नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काही शाखा अजूनही 'निम्मी रक्कम ठेव म्हणून ठेवा' असे तोंडी सांगतात, तेव्हा ते लिहून मागावे. लिहून कोणी देत नाही. मोडलेला गट पुन्हा उभा करायचा म्हटले तर हे सर्व पहिल्या पायरीपासून सुरू होते, इतकेच सांगून थांबतो.

---

माजी सहयोगिनी, यवतमाळ

मी 'माविम'च्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांबरोबर बरीच वर्षे काम केले आणि अशा वाटण्या जमिनीवर बसून केल्या आहेत. तुमच्याकडची तिन्ही मते मला नवी नाहीत, अगदी सप्त्याचेसुद्धा. आमच्याकडे देवळाच्या कळसाला देण्याची सूचना येत असे.

सारखे वाटे केल्यास बारा जणींना प्रत्येकी ७,०३७ रुपये ५० पैसे येतात. म्हणजे सहा वर्षे पैसे ठेवणाऱ्या बाईला दहा वर्षे ठेवणाऱ्या बाईइतकेच व्याज मिळते. बचतीच्या प्रमाणात वाटल्यास जुन्यांना सुमारे ७,०९७ आणि नव्या दोघींना सुमारे ४,२५८ येतात. वरवर हे योग्य वाटते, परंतु यातही चूक आहे. २०१५ च्या जूनमध्ये टाकलेले १०० रुपये १२० महिने फिरले, गेल्या महिन्यात टाकलेले १०० रुपये एकच महिना फिरले, आणि या रीतीत दोन्ही शंभरांना सारखेच व्याज मिळते.

म्हणून आम्ही 'रुपया-महिना' काढत असू. एक रुपया एक महिना गटात राहिला की तो एक रुपया-महिना. जुन्या सभासदाची पहिल्या महिन्याची शिल्लक १००, दुसऱ्या महिन्याची २००, असे करत शेवटच्या महिन्याची १२,०००. या सर्व शिलकांची बेरीज ७,२६,००० होते. नव्या सभासदाची ७२ महिन्यांची बेरीज २,६२,८०० होते. वारलेल्या बाईंनी ८४ महिने बचत भरली, तिची बेरीज ३,५७,०००, त्यानंतर ८,४०० रुपये पुढचे ३६ महिने गटातच राहिले, त्याचे ३,०२,४००, मिळून ६,५९,४००. दहा जुन्या, दोन नव्या आणि या एक, अशी सर्वांची बेरीज ८४,४५,००० येते.

आता तुमचे साचलेले व्याज पाहा: ८४,४५० रुपये. म्हणजे तुमच्या गटात एका रुपयाने एका महिन्याला बरोबर एक पैसा कमावला. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला, इतका सरळ आकडा मला कधी मिळाला नव्हता. त्यामुळे वाटा काढणे अगदी सोपे होते. प्रत्येक जुन्या सभासदाला ७,२६०, प्रत्येक नव्या सभासदाला २,६२८ आणि मयत सभासदाच्या वारसाला ६,५९४ रुपये.

'बायकांना हे कळणार नाही' असे कोणी म्हणेल, म्हणून सांगते. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज, प्रवर्तक महिलांमध्ये निरक्षर महिला आहेत या कारणाने नाकारला गेला होता. तेव्हा त्या महिलांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले की आम्हाला अक्षर येत नसेल, परंतु व्याज तोंडी काढता येते. पुढे १९९७ मध्ये ती बँक सुरू झाली. रुपया-महिना समजावण्यासाठी मी फळा वापरत नसे. ज्वारीचे दाणे घेऊन पहिल्या महिन्याला एक, दुसऱ्याला दोन, असे बारा महिन्यांचे ढीग मांडत असे. पाचव्या-सहाव्या ढिगापाशी कोणीतरी म्हणायचेच, 'म्हणजे आधी टाकलेला दाणा जास्त वेळा मोजला जातो.' मग पुढे बोलावे लागत नसे.

मात्र सावध करते. हे ८४,४५० वहीतले आहेत, हातातले नाहीत. थकबाकीदार सभासदाची १२,००० बचत आणि वाट्याचे ७,२६० दोन्ही कर्जात वळते केले तरी ३८,००० पैकी १८,७४० उरतातच. ते येईपर्यंत पूर्ण व्याज वाटले, तर शेवटी घेणाऱ्या बाईसाठी पेटीत पैसे नसतील.

---

कोयता

सर्वांनी हिशेब सांगितला, पण एका प्रश्नाकडे कोणी वळले नाही. त्या बाई १४ महिने बैठकीला का येत नाहीत? मीही ऊसतोडीच्याच भागातला आहे, म्हणून अंदाज सांगतो. चुकला असेल तर वहीवाली ताईंनी दुरुस्त करावा. त्यांच्या डोक्यावर फायनान्स कंपन्यांचे आणखी दोन-तीन हप्ते असणार.

गावात हल्ली दोन्हींना 'गट'च म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. बचत गटात आधी बचत होते, मग त्याच पैशातून कर्ज मिळते, व्याज पुन्हा आपल्याच पेटीत येते आणि अडचणीच्या महिन्यात केवळ व्याज भरून मुद्दल पुढे नेता येते. कंपनीचा गट म्हणजे चार ते दहा जणींचा, एकमेकींच्या कर्जाला जबाबदार धरलेला समूह असतो. त्यात बचत नसते, व्याज बाहेर जाते आणि हप्ता ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी द्यावाच लागतो. एकीने दिला नाही तर बाकीच्या तिच्या दारात बसतात. ज्या बाईला मंगळवारी तिथे आणि दहा तारखेला इथे पैसे द्यायचे आहेत, ती कोणाला आधी देईल? जो दारात बसत नाही त्याचे पैसे राहतात. आपल्या गटातील थकबाकी म्हणजे पुष्कळदा बेइमानी नसते. आपण तिला सांभाळून घेऊ या खात्रीवर ती आपल्याला मागे ठेवते, एवढेच.

नियम आहेत. मायक्रोफायनान्स कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि सकाळी ९ च्या आधी किंवा सायंकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितले आहे. पण मुकादमाची उचल 'उत्पन्न' धरायची की 'कर्ज', हे फॉर्म भरणारा मुलगाच ठरवतो, आणि तो ती उत्पन्नातच धरतो. ही उचल म्हणजे सहा महिन्यांची अंगमेहनत आधीच विकून घेतलेला पैसा असतो, हे त्याला माहीत नसते असे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की गट मोडल्याने ते ३८,००० परत येणार नाहीत. उलट वसुलीला जाणारे कोणी उरणार नाही, आणि ज्या चौघी आज मोकळ्या होऊ पाहतात त्यांना पुढच्या पावसाळ्यात खताला पैसे लागले की त्यांच्याही दारात मंगळवार येईल.

---

भिशीकर

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. वरच्या सर्व उत्तरांत असे गृहीत धरले आहे की गट मोडणे म्हणजे अपयश. आपल्या भिशीत असे मानत नाहीत. बारा जणींची भिशी बाराव्या महिन्याला संपते, सर्वांचा हिशेब शून्यावर येतो आणि ज्यांना हवे त्या पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करतात. शेतातही आपण असेच वागतो. सावड किंवा वारंगुळा एका हंगामापुरता असतो, तुझा दिवस मी फेडला की देणे संपले.

आफ्रिकेत याच तत्त्वावर मोठे काम उभे राहिले आहे. नायजर देशात १९९१ मध्ये 'केअर' या संस्थेने ग्रामीण महिलांचे बचतीचे गट सुरू केले. आज अनेक देशांत पसरलेल्या या पद्धतीत गट साधारण वर्षभराने सर्व कर्जे वसूल करतो, पेटी सर्वांसमोर उघडतो, बचत आणि नफा वाटून टाकतो आणि नवे वर्ष नव्याने सुरू करतो. बहुतेक गटांचा बँकेशी संबंधही नसतो. याचा मोठा फायदा असा की ज्या गटाला आपला हिशेब कळत नाही तो गट वर्षअखेरीस उघडा पडतो. दहा वर्षांची गुंतागुंत साचतच नाही. मयत सभासदाचे पैसे तीन वर्षे पडून राहिले, ही गोष्ट तिथे घडलीच नसती.

आपल्याकडे गटांची रचना बँकेच्या कर्जासाठी केली गेली, म्हणून निधी साठवत राहणे हा गुण ठरला. निधी मोठा, तर कर्ज मोठे. साहेबांनी सांगितलेले ३ लाख खरे आहेत, पण ज्या बाईने दहा वर्षांत आपल्या १२,००० रुपयांचे व्याज डोळ्यांनी पाहिलेले नाही, तिला हा निधी आपला आहे असे का वाटावे? तुमच्या चौघी गट मोडा म्हणतात, त्यामागे बुडण्याची भीती असेलच. पण एकदा तरी पैसे हातात यावेत ही इच्छाही असेल. ती गैर नाही. मुद्दल गटातच ठेवून व्याजाचा काही भाग वाटता येईल, आणि पुढे दर वर्षी मे महिन्यात, टोळ्या परत आल्यावर, वाटता येईल.

---

निवृत्त शाखाधिकारी

भिशीकर यांचा शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे, पहिला नाही. भिशीत नंबर लागेपर्यंत बाईला थांबावे लागते, आणि लिलावाची भिशी असेल तर जिची गरज सर्वांत मोठी तिलाच सर्वांत कमी पैसे मिळतात. गट आणि भिशी यांत हा फरक आहे. मात्र व्याजाचा काही भाग दर वर्षी वाटण्याला कोणतीही अडचण नाही. आमच्या शाखेच्या ज्या गटांनी तसे केले, त्यांची बैठकीची हजेरी मी स्वतः वाढलेली पाहिली आहे. मोडलेले गटही पुष्कळ पाहिले. त्यांतल्या फार थोड्या गटांत कोणी पैसे खाल्ले होते. बहुतेक ठिकाणी वही एकाच घरात राहिली होती आणि बाकीच्यांना आकडे ऐकूनच माहीत होते.

---

वहीवाली

सर्वांचे मनापासून आभार. काल, १० जुलैला, आमची बैठक झाली. काय झाले ते सविस्तर लिहिते.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पहिली वही शोधली. ती सासूबाईंच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली होती. तेव्हा सातवीत असलेल्या एका सभासदाच्या मुलीने ती लिहिली होती आणि तिसऱ्या पानावर नियम सापडले. त्यात असे आहे: 'सभासद स्वतःहून गट सोडेल तर बचत परत, व्याज नाही. सभासद मयत झाल्यास वारसाला बचत आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज.' खाली अकरा खुणा आहेत, चार सह्या आणि सात अंगठे. वारलेल्या बाईंचा अंगठा दुसऱ्या ओळीत आहे आणि तो किंचित वाकडा उठला आहे. पहिला नियम मोठ्याने वाचला तेव्हा नव्या दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. गट मोडण्याचा आणि गट सोडण्याचा नियम एक नाही, हे मी लगेच सांगितले, पण मोडण्याचा विषय त्यानंतर कोणी फारसा रेटला नाही.

ताई, ज्वारीच्या दाण्यांचा उपाय केला. दुसऱ्या ढिगाच्या वेळीच एकीने विचारले, 'आम्ही सहा महिन्यांचे सहाशे आधीच भरून जातो, त्याचे दाणे कुठे?' खरोखरच त्या पैशांचे रुपया-महिने जास्त होतात आणि माझ्या वहीत ते महिन्याच्या महिन्याला लिहिलेले आहेत. दहा वर्षांचे आता काढता येणार नाही, परंतु या हंगामापासून बचत ज्या दिवशी आली त्या दिवशीच लिहायची, असा ठराव झाला.

मयत सभासदाच्या व्याजावर बराच वेळ चर्चा झाली. नियमाप्रमाणे मे २०२२ पर्यंतचेच, म्हणजे ३,५७० रुपये द्यावे लागतात. सासूबाई सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, 'ती गेली, पण तिचा पैसा तर कामाला जातच होता की.' त्यावर कोणी काही बोलले नाही आणि पूर्ण ६,५९४ देण्याचे ठरले. बचत धरून १४,९९४ रुपये त्यांच्या मुलाला बँकेतून दिले जातील.

उरलेल्या व्याजापैकी ३८,९२८ रुपये थकबाकीपोटी बाजूला ठेवले आणि बाकीचे रुपया-महिन्याला अर्धा पैसा या दराने वाटले. प्रत्येक जुन्या सभासदाला ३,६३० आणि नव्यांना १,३१४ रुपये आले. ज्या आठ जणींकडे कर्ज आहे त्यांचा वाटा कर्जात वळता केला. कर्ज नसलेल्या चौघींसाठी मिळून ९,८८८ रुपये बँकेतून काढून रोख द्यायचे ठरले. फिरत्या निधीला हात लावला नाही. मोडण्याचा विषय पुढच्या मे महिन्यावर गेला आहे, आणि पेटीची किल्ली व वही यापुढे एका घरात ठेवायची नाही.

कोयता भाऊ, तुमचा अंदाज बरोबर निघाला. नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन कंपन्यांचे कर्ज घेतले होते. आम्ही तिघी बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दारात चपला पाहून त्यांनी आधी आतून कडी लावली. वसुलीवाले आले असे त्यांना वाटले. नंतर त्या बैठकीला आल्या, मागे बसल्या. ३,६३० वळते झाल्यावर त्यांच्याकडे ३४,३७० राहतात. आजपासून त्यावर व्याज नाही, उचल मिळाल्यावर एकदम ५,००० आणि त्यानंतर दरमहा ५०० असे ठरले. ठरावात त्यांचे नाव लिहायला मात्र बायका तयार नव्हत्या. शेवटी 'एक सभासद' असे लिहिले.

---

भिशीकर

उत्तम झाले. फक्त एक शंका आहे, ती वादासाठी काढत नाही. वारलेल्या बाईंचा पैसा शेवटच्या तीन वर्षांत कामाला जात होता असे मानले, तर तो याच काळात थकलेल्या कर्जातही गुंतला होता. बाकीच्यांचे अर्धे व्याज थकबाकीपोटी अडकवून ठेवले आणि वारसाला मात्र पूर्ण एक पैशाच्या दराने दिले, हे हिशेबाला धरून नाही.

---

निवृत्त शाखाधिकारी

हिशेबाला धरून नाही, पण ठरावाला धरून आहे. आणि ताई, ठरावात नाव लिहा. दहा वर्षांनी वही लिहिणारी दुसरी कोणी असेल आणि 'एक सभासद' म्हणजे कोण, हे तिला कोणी सांगू शकणार नाही.

---

वहीवाली

साहेब, नाव आता ठरावात घालता येणार नाही, सह्या झाल्या आहेत. खतावणीत त्यांचे पान आहे, त्या पानाचा क्रमांक ठरावाच्या समासात लिहून ठेवते.

भिशीकर, तुमची शंका योग्य आहे. सासूबाई बोलल्या त्याच वेळी ती माझ्याही मनात आली होती आणि पेन हातात होते. पुढच्याच क्षणी सर्वजणी उठून चहाच्या पातेल्याकडे वळल्या आणि मी वही मिटली.